सुर्ल्याचा खडा आणि चवथीचा डाव

मी एक खडा बोलतोय. सुर्ल्याच्या खाणीतला, लोखंडाच्या मातीचा, मुठीत मावेल एवढा. रंग काळा-तांबडा, अंगाच्या मानाने भलताच जड, आणि मला हाताळलं की बोटांना तांबडं लागतं ते दोनदा धुतल्याशिवाय जात नाही. तुम्ही म्हणाल, दगडाने काय बोलायचं? बरोबर आहे तुमचं. मला काही वाटत नाही, ही माझी जातच आहे. ऊन लागलं तर तापतो, पाऊस लागला तर भिजतो, त्यापलीकडे काही नाही. पण माझ्यासमोर एक गोष्ट घडली आणि त्या दिवशी तिथे बसलेल्या माणसांपैकी कोणी ती धड सांगेल असं दिसत नाही. म्हणून म्हटलं, आपणच सांगावी.

जन्माचं सांगण्यासारखं काही नाही. डोंगरात होतो, फार वर्षं होतो. एक दिवस यंत्राने डोंगराचा लचका तोडला, त्यात मी बाहेर आलो. टिपरमध्ये भरताना खाली पडलो आणि त्याच टिपरच्या मागच्या दोन चाकांच्या फटीत जाऊन अडकलो. अशा अडकलेल्या खड्याला ड्रायव्हर लोक फार घाबरतात. चाक फिरलं की खडा सुटतो आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या कपाळात बसतो. माझा ड्रायव्हर गोपाळ, दोडामार्गचा. त्याने गाडी बाजूला घेतली, पहार आणली आणि अर्धा तास घाम गाळून मला उपसून काढलं.

"मेल्या, कोणाचो जीव घेतलो असतंस," तो मला म्हणाला, आणि फेकायला हात मागे नेला. पण तेवढ्यात वाऱ्याने केबिनमधल्या खेपांच्या चिठ्ठ्या उडायला लागल्या. त्याने मला त्या चिठ्ठ्यांवर ठेवलं. तिथेच मी पुढची कितीतरी वर्षं राहिलो.

माणसांची एक खोड मी तिथे पाहिली. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याशी ती मोकळेपणी बोलतात. गोपाळ मला सगळं सांगायचा. रांगेत पुढे कोण घुसला, घरी बायको काय म्हणाली, पोटात कसं जळजळतंय. मग दोन हजार बारा साली खाणी बंद पडल्या. टिपर दारात उभा राहिला. त्याच्या टपावर आधी गवत उगवलं, मग एक रोपटं. शेवटी तो भंगारात गेला. गोपाळने त्या दिवशी मला उचलून पँटच्या खिशात टाकलं. खिसा फाटला.

पुढे त्याला मिनीबस चालवायचं काम मिळालं. पेडण्याच्या बाजूची मुलं-मुली कामाला पणजीला न्यायची आणि परत आणायची. मी पुन्हा स्टिअरिंगजवळ. ही मुलं-मुली काम करायची ती नदीत उभ्या असलेल्या एका जहाजावर. तिथे लोक पैसे लावून पत्ते खेळतात. गोव्याच्या माणसाला तिथे खेळायला मनाई, पत्ते वाटायला मात्र नाही. आता यात काय तर्क आहे ते मला विचारू नका, मी दगड आहे.

धारगळच्या स्टॉपवर चढणारी एक मुलगी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायची. तिचं नाव तनया. वय सव्वीस-सत्तावीस. काळी पँट, पांढरा शर्ट, केस घट्ट बांधलेले. ती जहाजावर पत्ते वाटायची. चेहरा तिचा नेहमी सारखाच. जिंकणाऱ्याकडे बघून हसायचं नाही, हरणाऱ्याकडे बघून वाईट वाटून घ्यायचं नाही, हे तिला शिकवलं होतं, आणि पोरगी शिकवलेलं इतकं मनावर घेणारी की बसमध्ये बसल्यावरसुद्धा चेहरा तसाच. गोपाळ विनोद सांगायचा, मागची मुलं खिदळायची. तनया म्हणायची, "हां काका." बस.

एकदा ती मला हातात घेऊन बघत होती. म्हणाली, "काका, हो खडो माका दिशात?"

"घे गो. पण कित्याक?"

"आमच्याकडे खेळणारे आपल्या पानांवर कायतरी ठेवतात. नाणा, गणपती, आंगठी, काय मिळात ता. नायतर वाटणारा चुकून ती पानां गोळा करता. मी दोन वर्षां लोकांक पानां वाटतंय, स्वतः एकदाय खेळूक नाय. औंदा चवथीक घरी खेळतलंय."

"घरी? बापूस बोलता मगे तुझ्याकडे?"

"नाय."

गोपाळने आरशातून तिच्याकडे पाहिलं. ती बाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "पण आमच्या घरच्या खेळात बोलूचा लागता काका. तसो नियमच आसा. माका एक शब्द पुरे. शिवी घातली तरी चलात. मगे मी मोकळी जातंय."

कुठे जाते, तर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की आठवड्याने परदेशी बोटीवर. दहा महिन्यांचा करार होता. तिथेही काम पत्ते वाटण्याचंच. अशा रीतीने मी गोपाळचा होतो तो तनयाचा झालो.

आता तिच्या घराबद्दल. धारगळला हमरस्त्यापासून थोडं आत, नारळाच्या चार झाडांमागे तिचं घर. वडील कृष्णनाथ मास्तर, डिचोलीच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. वर्तमानपत्र वाचताना हातात लाल पेन धरणारा माणूस. कुठे शुद्धलेखन चुकलं की गोल करायचा, आणि मग तो पेपर कोणाला दाखवणार? रद्दीत जायचा. जत्रेत जुगाराचे पट लागतात त्यांच्या विरोधात त्यांनी एके काळी सह्या गोळा केल्या होत्या. तनयासाठी एका सोसायटीत कारकुनाची जागा बघून ठेवली होती, मुलाखतीचा दिवसही ठरला होता. ती मुलाखतीला गेली नाही, जहाजावर गेली. त्या संध्याकाळी मास्तर बायकोला म्हणाले, "सुशीला, तिका सांग, माझ्याकडे बोलूची गरज नाय." त्याला दोन वर्षं होऊन गेली.

भांडण नाही, आरडाओरडा नाही. घरात सगळं नीट चालायचं. मास्तर म्हणायचे, "सुशीला, तिका सांग पंखो बंद कर," आणि तनया दोन हातांवर बसलेली. सुशीलाने तोंड उघडायच्या आत तनयाने पंखा बंद केलेला असायचा. निरोप पोचायच्या आधीच काम व्हायचं, तरी निरोप दिला जायचा. सुरुवातीला तनया रडायची म्हणे. मी आलो तेव्हा ते संपलं होतं. मला एकदा उशाशी ठेवून ती म्हणाली, "आता माका काय वाटनाच नाय रे." मी म्हटलं, आलीस आमच्या जातीत.

चवथीला मात्र मास्तर पत्ते खेळायचे. वर्षातून तेवढेच दिवस, कारण त्यांचे वडील खेळायचे, आजोबा खेळायचे. गणपतीच्या खोलीत, फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली सतरंजी घालून, पैसे न लावता, चिंचोक्यांवर. पूर्वी तीन पानी असायची. गेल्या वर्षीपासून पुतण्या गौरेशने नवा खेळ आणला होता. हा गौरेश रस्त्यावर थंड पेयांचं दुकान चालवतो आणि गिऱ्हाईक नसलं की फोनवर हाच खेळ खेळत बसतो. खेळ सोपा आहे. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली, मधे पाच पानं उघडी, ती सगळ्यांची. मिळून ज्याचा मेळ चांगला तो जिंकला. दर डावाला पाळीपाळीने दोघांनी पानं बघण्याआधीच चिंचोके टाकायचे, त्याला ही मंडळी बूट म्हणतात. सुरुवातीला बूट एका चिंचोक्याचा, दर अर्ध्या तासाने दुप्पट. चिंचोके संपले की उठायचं, शेवटी उरेल तो जिंकला.

आणि एक घरचा नियम. मास्तरांची थोरली बहीण, सत्यवती आत्या, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. स्वतःची पानं ती नाकाला लावून ओळखते, पण समोर कोणी काय लावलं ते तिला दिसत नाही. म्हणून प्रत्येकाने बोलून खेळायचं. लावणाऱ्याने किती ते सांगायचं. तेवढेच टाकून डावात राहणाऱ्याने "बघतंय" म्हणायचं. डाव सोडून पानं टाकणाऱ्याला मात्र बोलायची गरज नाही, पडलेल्या पानांचा आवाज तिला येतो. तनयाचा सगळा भरवसा या नियमावर होता. ती काहीतरी लावेल, मास्तरांना "बघतंय" म्हणावं लागेल. तोच तिला मिळणारा एक शब्द.

तिसऱ्या दिवशी दुपारची जेवणं आटोपली आणि सतरंजी घातली गेली. सहा जण बसले. मास्तर, त्यांचा धाकटा भाऊ मधुकर, सत्यवती आत्या, गौरेश, त्याची बायको सिद्धी आणि तनया. सुशीला चहा करत होती. प्रत्येकाला साठ चिंचोके. तनयाने आपली दोन पानं बघितली आणि त्यांवर मला ठेवलं.

"ह्या काय गो?" मधुकर काका म्हणाले. "फातर घेवन इलंस? हरलंस तर मारतलंस काय?"

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत.

पहिल्या अर्ध्या तासातच तनयाने चुका केल्या. तिने जहाजावर हजारो डाव बघितलेले. तिथले बरे खेळणारे हातात काही नसलं तरी जोरात लावतात, समोरचे घाबरून पानं टाकतात. तिने तेच केलं. आत्याच्या बुटावर एकदम दहा लावले, हातात फुसकी पानं.

"बघतंय," आत्या म्हणाली.

"बघतंय," मधुकर काका म्हणाले. "राणी इली आसा माका. राणयेक टाकूची कशी?"

"बघतंय. काय आसा ता बघूया तरी," गौरेश म्हणाला.

तिने पुढच्या पानावर आणखी लावले. ते तिघेही पुन्हा बघतंय, बघतंय, बघतंय. कोणी हलेना. शेवटी काकांनी त्या राणीवर सगळं ओढून नेलं. नंतर कळलं, या घरात पानं टाकतच नाहीत. आत्याचं म्हणणं असं की बाप्पाच्या पुढ्यात आलेलं पान त्यानेच दिलेलं, ते टाकणं म्हणजे ताटातलं अन्न टाकणं. चवथीचे पाच दिवस कोणी पान टाकत नाही. कशाला घाबरवायचं आणि कोणाला? घाबरायला पान टाकता आलं पाहिजे ना.

पण एक माणूस टाकत होता. कृष्णनाथ मास्तर. दुसऱ्या कोणी लावलं की ते स्वच्छ आवाजात म्हणायचे, "बघतंय." तनयाने लावलं की त्यांची पानं सतरंजीवर पडायची, टप. ती ज्या डावात उतरली त्या डावात ते नाहीत. पहिल्या दोन वेळा कोणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या वेळी आत्या म्हणाली, "कोणी टाकल्यान? किसना, तू? अरे बाप्पा बघता मरे."

मास्तरांनी चष्मा पुसला.

पहिल्यांदा बूट वाढला तेव्हा तनयाकडे तेरा चिंचोके उरले होते. बूट दोनचा. म्हणजे जेमतेम सहा बुटांपुरता जीव. सगळ्यांत लहान ढीग तिचा. ती उठली असती तर संपलंच, कारण उठलेल्याने स्वयंपाकघरात जाऊन नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळायला मदत करायची असते, आणि उद्या सकाळी सुट्टी संपून तिची कामाची बस.

इथे तिचा खेळ बदलला, तो मी तिच्या पानांवर बसून पाहिला. इतका लहान ढीग राहिला की जहाजावर लोक एक्का दिसला रे दिसला की सगळं आत ढकलतात. समोरचे टाकतात, बुटाचे चिंचोके फुकट मिळतात, तेवढ्यावर आणखी दोन फेऱ्या जगता येतं. इथे फुकट काही मिळणार नव्हतं. लावलं की तिघे बघणार. एक्का-पंजी आली, तिने टाकली. गौरेश वाकून बघून ओरडला, "आगे, एक्को टाकलंस?" आत्याने कपाळाला हात लावला. राजा-नव्वी आली, तीही टाकली. कोणी जोराने लावायचं नाही, सगळे दोन-दोन टाकून पुढची पानं बघायचे, म्हणून तिच्या बुटाच्या वेळी तिला मधली तीन पानं जास्तीचं काही न टाकता बघायला मिळायची. काही जुळलं नाही की पुन्हा टाकायची. पण बसून राहूनही चालत नाही. ढीग फार झिजला तर मग जिंकून काय उपयोग? नऊ उरले. पुढच्या फेरीत बूट चारचा होणार होता. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. बोटं स्थिर. घाई नाही, भीती नाही. दोन वर्षांत तिच्यातलं जे काही बधिर झालं होतं ते इथे कामाला आलं.

मग तिने पानांचा कोपरा उचलला. दोन गुलाम.

"सगळे," ती म्हणाली. "नऊ."

"बघतंय," काका. "बघतंय गो बाय," आत्या. "बघतंय," गौरेश. सिद्धी नेवऱ्यांचं निमित्त काढून आधीच उठली होती. राहिले मास्तर. त्यांनी आपली पानं बघितली. नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ बघितली. आणि टाकली. टाकताना एक पान उलटं पडलं, गौरेशने सवयीने दुसरं उलटवलं.

दोन राजे.

मधुकर काका वाकून बघायला लागले. बाहेर कोणीतरी फटाका लावला.

"काका," गौरेश हळूच म्हणाला, "दोन राजा टाकल्यात तुम्ही?"

मास्तर म्हणाले, "सुशीला, चाय हाड."

मधे पानं उघडली. आत्याचं काही जुळलं नाही, काकांचं नाही, गौरेशची दश्शीची जोडी. गुलाम जिंकले. नवाचे छत्तीस झाले. मास्तर "बघतंय" म्हणाले असते तर राजांपुढे गुलाम मेले असते, ती त्याच डावात उठली असती. तिला एक शब्द द्यायला नको म्हणून त्यांनी जिंकलेला डाव टाकला, की तिला उठवायचं नव्हतं म्हणून टाकला? मी दोघांच्या मधे पडलो होतो, पण मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं. छत्तीस चिंचोके ओढून घेताना तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. माणसाला जिंकल्याचं एवढंसुद्धा वाटू नये, याचं मला वाईट वाटलं. हो, मला. खड्याला. त्या दिवशी काहीतरी वेगळंच होतं.

त्यानंतर तिला सोपं गेलं. हे लोक पानं टाकत नाहीत हे एकदा कळल्यावर करायचं एवढंच, बरी पानं येईपर्यंत गप्प बसायचं आणि आली की भरपूर लावायचं. ते बघणारच. गौरेशचे गेले, मग आत्याचे. आत्या उठताना तिच्या डोक्यावर हात फिरवून म्हणाली, "बरा खेळतंस गो." काकांचे मास्तरांनी घेतले. राहिले दोघे. बाप आणि लेक. मधे सतरंजीचा एक हात आणि मी.

आता ऐका, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. ती लावायची, ते टाकायचे. बूट तिच्याकडे यायचा. पुन्हा ती लावायची, पुन्हा टप. चार डाव, सहा डाव. मास्तरांचा ढीग उतरत चालला. हातात काय आहे ते बघायचीही गरज नव्हती तिला. असंच चालू ठेवलं असतं तर अर्ध्या तासात सगळे चिंचोके तिचे झाले असते, एकही शब्द न बोलता. आणि मग? मग टाळ्या, आरती, जेवण, सकाळची बस.

हे तिला सातव्या डावाला कळलं. तिचा हात चिंचोक्यांवर थांबला. तिने लावले नाहीत, आपलीच पानं टाकली. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. पुढच्या डावाला मास्तरांनी टाकली. त्याच्या पुढच्याला तिने. बुटाचे चिंचोके इकडून तिकडे, तिकडून इकडे. ज्या घरात पान टाकणं पाप, त्या घरात बाप्पासमोर दोघं जण पानं टाकत बसले होते. ते बोलायचं नाही म्हणून, आणि ही खेळ संपू द्यायचा नाही म्हणून. काका जांभया द्यायला लागले. गौरेश फोन काढून बसला. सुशीला चहाचे कप उचलायला आली ती दारातच उभी राहिली. तिला या खेळातलं काही कळत नाही, पण हे कळलं असावं.

"अरे, कोणीतरी बोला मरे!" आत्या चिडून म्हणाली. "माका वाटता माझे कानय गेले."

मग आरतीची वेळ झाली. वाड्यावरची मुलं टाळ घेऊन अंगणात आली. काका म्हणाले, "शेवटचो डाव. नंतर सतरंजी उचलूची आसा." मास्तरांचा ढीग आता जरा मोठा होता, तिचा जरा लहान.

गौरेशने पानं वाटली. तनयाने आपल्या दोन पानांना हात लावला नाही. मला उचललं आणि ती तशीच झाकलेली असताना त्यांवर ठेवलं. मग दोन्ही हातांनी सगळे चिंचोके पुढे लोटले.

"सगळे," ती म्हणाली.

मास्तरांनी आपली पानं उचलली, बघितली. आता पडणार, मला वाटलं. टप. मी त्या आवाजाची वाट बघत होतो. त्यांची नजर पानांवरून माझ्यावर आली. माझ्याखाली दबलेल्या, कोणीच न बघितलेल्या त्या पानांवर. मी पाहिलं, त्यांच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. चाळीस वर्षं वर्गात उभं राहिलेला माणूस तो. प्रश्न न वाचता उत्तर लिहिणारं पोर त्यांना कधी सहन झालं नाही.

"आधी पान बघ," मास्तर म्हणाले.

गौरेशच्या हातातला फोन मांडीवर पडला. आत्याने मान वळवली. तनया तशीच बसली होती, हात चिंचोक्यांमागे.

"बघ म्हणतंय ना? न बघता सगळा लावता काय कोणी? ह्यो काय खेळ झालो?"

तिने मला उचललं. पानं उचलली. पण ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली तरी तिला ती दिसली असतील असं वाटत नाही, कारण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिचे हात येत नव्हते. एका हातात पानं होती, दुसऱ्यात मी. माझ्यावरही पडलं. मी ओला झालो आणि तिची बोटं तांबडी झाली.

"सत्ती आसा," ती म्हणाली. "नि दुर्री."

"मगे?"

"मगे काय, बाबा. सगळे म्हटलंय, ते सगळेच."

"बघतंय," मास्तर म्हणाले. त्यांच्याकडे नव्व्यांची जोडी होती. मधली पाच पानं उघडली, त्यांतलं एकही तिच्या उपयोगी पडलं नाही. ती हरली. सगळे चिंचोके मास्तरांपुढे गेले. एवढा वेळ जपलेला, नवापासून वाढवलेला ढीग एका डावात गेला. काका टाळी वाजवायला गेले, सुशीलाने त्यांचा हात धरला.

अंगणात मुलांनी टाळ वाजवून बघितले. सतरंजी उचलायची होती, पण मास्तर उठेनात. चिंचोक्यांत बोट फिरवत होते.

"असो खेळ खय शिकलंस?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर एकच होतं, आणि ते उत्तर दोन वर्षं या घरात कोणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

"कामार, जहाजार," तनया म्हणाली.

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. मग चष्म्यावरून तिच्याकडे बघत विचारलं, "थय सगळे असेच खेळतात?"

"नाय बाबा," ती म्हणाली. नाक ओढलं, मला सतरंजीवर ठेवलं आणि त्यांच्याकडे तोंड करून नीट मांडी घालून बसली. "थय कसा आसता, सांगतंय तुमका."

इथून पुढचं त्या दोघांचं आहे. मी दगड, मी आता गप्प बसतो.